शेपटीचे दोन सर्व्हो

केम्प्टन,
रविवार, ३ फेब्रुवारी २०१३

ती. गेबहार्डकाकांस,
आनेग्रेटचा सा. न. वि. वि.

काका, आधी खुर्चीत नीट बसा आणि मग पुढे वाचा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही ते या वेळी बरंच झालं. मी बोलले असते आणि शेजारच्या खोलीतून बाबांनी सगळं ऐकलं असतं.

मी रिमोटवर उडणारं जेट बांधलंय. खरं टर्बाइन बसवलेलं, सव्वादोन मीटर लांब, एकोणीस किलोचं. लॅबच्या मागच्या खोलीत दोन हिवाळे घालवले. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि संध्याकाळी पंख घासायचे. येत्या एकवीस एप्रिलला बाबा सत्तरीचे होतात आणि नेमकं त्याच रविवारी क्लबचं मोसमाचं पहिलं उड्डाण आहे. बाबांना केक खायला म्हणून मैदानावर न्यायचं, आणि रिमोट त्यांच्या हातात ठेवायचा, असा माझा बेत आहे.

आठ वर्षं झाली, त्यांनी रिमोटच्या दांडीला बोट लावलेलं नाही. त्यांचं ते जेट उलटं होऊन मैदानावरच्या केकच्या टेबलापासून दहा पावलांवर पडलं, पेटलं, आणि बाबांनी त्याच दिवशी क्लबची किल्ली परत दिली. अंगठा चुकला, मी म्हातारा झालो, एवढंच ते तेव्हा म्हणाले आणि आजही तेवढंच म्हणतात. आकाशात काही घुमलं तरी मान वर करत नाहीत. मला ती मान वर झालेली बघायची आहे, काका. दुसरं काही नको.

आता कामाचं. आठ सर्व्हो लागतील. पंखांचे चार, उभ्या पात्याचा एक, पुढच्या चाकाचा एक, आणि शेपटीच्या दोन आडव्या पात्यांना एकेक. दांडी हलली की पाती वळवणाऱ्या या मुठीएवढ्या यंत्रांवर सगळा जीव टांगलेला, आणि बाजारात त्यांचे शंभर प्रकार. कुठले घेऊ? शेपटीचे दोन मात्र माझ्याकडे आहेत. त्या जेटची शेपूट तुटून बाजूला पडली होती म्हणून ते वाचले. बाबांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेत. तेच बसवणार आहे.

आणि एक लटका राग. तुम्ही पूर्वी पत्राच्या शेवटी आम्हा उडवणाऱ्यांची ती शुभेच्छा लिहायचात, ‘कणा मोडो, बरगड्या मोडोत’. मोडतोड चिंतली की विमान धड परत येतं म्हणून. हल्ली लिहीत नाही. का बरं?

माया आहे तशीच ठेवा.
तुमची,
ग्रेटी


फुर्टवांगेनजवळ,
रविवार, १० फेब्रुवारी

चि. ग्रेटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चहा गार झाला. बाईसाहेब, दोन हिवाळे काकाला पत्ता लागू दिला नाहीस! तू माणसांचे दात करतेस, मी जन्मभर घड्याळाच्या चाकांचे दाते केले. घराण्याचा गुण, दुसरं काय. इथं कमरेएवढं बर्फ आहे, गुडघा कुरकुरतोय, बाकी बरं.

आता नीट ऐक. खोक्यावरच्या आकड्याला भुलू नकोस. तिथं चाळीस किलोची ताकद लिहितात, पण ती किती व्होल्टला मोजली ते मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात असतं. तुझ्या विमानात त्यापेक्षा कमी पोचत असेल तर चाळिसाचे तीस होतात. जेवढी लागेल असं वाटतं त्याच्या दीडपट घे. पात्याला ढकलणारा सर्व्होचा हात ॲल्युमिनियमचा घे, प्लॅस्टिकचा नको. सर्व्होकडचा हात आखूड ठेव, पात्याकडचा लांब. लांब हात लावून जास्त हालचाल मिळवायचा मोह होईल, तेव्हा माझी आठवण काढ.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. सर्व्हो चालू करून त्याचा हात दोन बोटांत धर आणि हलकेच डोलव. जराही कुचकुच, म्हणजे सैलपणा, लागली तर परत कर. ताशी तीनशेच्या वेगात ती कुचकुच पात्याला फडफडवते, आणि पातं फडफडलं की दोन सेकंदांत शेपूट राहत नाही. पुढच्या चाकाला साधा सर्व्हो चालेल, तिथं चुकलीस तर फार तर गवतात जाशील. शेपटीला चुकीची सोय नाही.

म्हणून सांगतो, डब्यातले ते दोन राहू दे. जुने झाले, आतलं वंगण सुकलं असेल. शेपटीला नवे घे. माझ्याकडून वाढदिवसाची भेट समज. कुठले ते दुसऱ्या कागदावर लिहिलंय.

बाबाला सांभाळ. लोभ आहे तो उन्हाळी-हिवाळी सारखाच.
तुझा,
गेबहार्डकाका


केम्प्टन,
रविवार, २४ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सहा सर्व्हो तुमच्या कागदाप्रमाणे मागवले आणि आले. एकाचा हात डोलवला तर कुचकुच लागली, तो परत धाडला. दुकानदार म्हणाला, इतकं बारीक कोण बघतं! मी म्हटलं, माझे काका बघतात.

पण शेपटीच्या दोघांबद्दल माझं ऐका. ते बाबांचेच हवेत. वंगण नवं घालीन. विजेचा दाब त्यांना सोसेल एवढाच जाईल अशी वेगळी सोयही केली आहे. शिवाय दोन्ही टेबलावर घट्ट पकडून हाताला ताणकाटा अडकवला आणि ओढला. कंपनी सांगते तेवढं ओझं त्यांनी मिनिटभर हूं की चूं न करता धरलं. मग वंगणाचं काय घेऊन बसायचं?

बाबाच तर म्हणतात की यंत्राचा दोष नव्हता, दोष अंगठ्याचा होता. मग ज्यांचा दोष नाही त्यांना डब्यात कोंडून का ठेवायचं? ते पुन्हा उडाले तर बाबांनाही कळेल की सगळंच जळालं नव्हतं.

तुम्ही त्या दिवशी मदतनीस म्हणून बाबांच्या उजव्या हाताला उभे होतात. त्यांची नजर विमानावर, तुमची सगळीकडे. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून मी विचारते. तुम्हाला काय दिसलं?

उत्तराची वाट पाहते. ममता असू द्या.
ग्रेटी


केम्प्टन,
रविवार, ७ एप्रिल

ती. काकांस,
सा. न.

सहा आठवडे झाले, एक ओळ नाही. तब्येत बरी आहे ना? शेजारच्या मारगोटबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, काका ठणठणीत आहेत, रोज बर्फ उपसतात आणि कुणाशी बोलत नाहीत.

माझ्या प्रश्नाचा राग आला असेल तर सोडून द्या.

काल क्लबचे तपासनीस येऊन गेले. एकेक स्क्रू बघितला. दर पातं हाताने दाबून पाहिलं आणि सही केली. बाबांचे दोन्ही सर्व्हो शेपटीत बसलेत. येत्या शनिवारी, तेरा तारखेला, मी गुपचूप एक उड्डाण करून बघणार आणि पुढच्या रविवारी बाबांच्या हाती देणार. बाबांना वास लागलाय बहुतेक. परवा विचारत होते, तुझ्या केसांना रॉकेलचा वास का येतो? म्हटलं, लॅबमध्ये नवं रसायन आणलंय. म्हणाले, हो का, त्या रसायनावर मी वीस वर्षं उडलोय.

तुम्ही याल ना? मनुकांचा केक करणार आहे.
ग्रेटी


फुर्टवांगेनजवळ,
बुधवार, १० एप्रिल
(तातडीच्या टपालाने)

चि. ग्रेटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. शनिवार वाचलं आणि तसाच मारगोटकडे गेलो. काका म्हणतात, पत्र येईपर्यंत टर्बाइन सुरू करायचं नाही, असा निरोप तिच्याकरवी तुला दिला. तू कारण विचारलंस म्हणे. ते मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्याच्या तोंडून जायची गोष्ट नाही ही.

डब्यातल्या दोनपैकी ज्याच्या बुडावर मी सुईने ‘ग’ कोरलाय, तो उघड. आत चार दातेरी चाकं आहेत. तिसरं कंपनीचं नाही. माझं आहे.

त्या वर्षी मोसम सुरू व्हायच्या चार दिवस आधी त्या चाकाचा एक दाता तुटला होता. तुझ्या बाबाने माझ्याकडे दिला, म्हणाला, कंपनीचं नवं चाक मिळतंय का बघ. पंधरा दिवस लागणार होते. मी चाळीस वर्षं घड्याळं केलेला माणूस. म्हटलं, ह्यात काय आहे! घड्याळाचं पितळ घेतलं, दाते कापायची घड्याळाचीच कातणी लावली, आणि दोन तासांत असं चाक केलं की कुचकुच नावाला नाही. त्याला सांगितलं, कंपनीचं मिळालं. मनात होतं, चाळीस उड्डाणं झाली की खरं सांगायचं आणि त्याचं तोंड बघायचं. त्याने मला पाठीत धपाटा घातला असता आणि महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला असता, माझ्या दादाने केलं म्हणून.

अकराव्या उड्डाणाला ते पडलं.

घड्याळातलं चाक जन्मभर एकाच बाजूने ढकललं जातं, ग्रेटी. त्याच्या दात्यांचा आकारच त्यासाठी असतो. सर्व्होच्या चाकाला घडीघडीला दोन्हीकडून धक्के बसतात. नवशिक्यालाही कळावं असं हे, आणि मला ते कळलं नाही, कारण माझ्या हातांचा मला ताठा होता. तुझा ताणकाटाही एकाच बाजूला ओढतो. म्हणून त्याने ओझं धरलं.

तू विचारलंस काय दिसलं. विमान खालून वेगात येत होतं. तुझ्या बाबाने वर घेतलं. उजवं पातं वळलं आणि डावं होतं तिथंच अडकून राहिलं. त्यामुळेच विमान उलटलं, हे मी पाहिलं. दोन सेकंदांचं काम. मग धूर, टेबलाजवळच्या बायकांच्या किंकाळ्या, आणि तुझा बाबा, अल्विन, सगळ्यांना सांगत होता की माझा अंगठा चुकला, मला माफ करा. क्लबवाल्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, नीट दिसलं नाही.

पहिल्या दिवशी भीती वाटली. दुसऱ्या दिवशी लाज. मग रोज एक दिवस वाढत गेला. तुला आधी ‘वंगण सुकलं’ म्हणून फसवायला गेलो, तेही त्याच लाजेपोटी. सहा आठवडे पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. तू त्या सर्व्होवर बाबाला उभा करणार, हे कळूनसुद्धा. यापेक्षा वाईट मी काही केलेलं नाही.

हे पत्र बाबाला दाखव. ती शुभेच्छा लिहिणं का सोडलं, ते आता तुला कळलं असेल. माझं चिंतलेलं खरोखरच मोडलं होतं.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही.
गेबहार्डकाका


केम्प्टन,
शुक्रवार, १२ एप्रिल

काकांस,

वंगण घालायचं राहूनच गेलं होतं, म्हणून आज पहिल्यांदाच उघडला. भिंगाखाली पाहिलं. पितळी चाकाचे तीन दाते एका बाजूने धारेसारखे झिजलेत, चौथा वाकून शेजारच्यात रुतलाय. माझ्याच चिमट्याने मोकळा केला. टेबलावर हात फिरत होता तो उरलेल्या दात्यांवर. एक जोराचा हिसका, आणि पुन्हा तेच झालं असतं.

बाबांना सगळं सांगितलं. जेटचंही. तुमचं पत्र त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मग स्वयंपाकघरात गेले, तुम्ही त्यांच्या लग्नात दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हाताने धरून थांबवला आणि बाहेर निघून गेले.


आनेग्रेट


केम्प्टन,
सोमवार, १५ एप्रिल

ती. दादास,
अल्विनचा नमस्कार.

तीन दिवस तुला मनात शिव्या घातल्या. कागदावर लिहीत नाही, पोस्टमन बाई आहे.

दादा, तू चाक चुकीचं केलंस त्याचं मला काही वाटत नाही. मी स्वतः कमी विमानं मोडलीत का? तू दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं असतंस तर मी तुला धपाटा घातला असता, तिसऱ्या दिवशी आपण बिअर प्यायलो असतो आणि चौथ्या दिवशी नवं विमान आखायला बसलो असतो. आठ वर्षं मी माझ्या अंगठ्याकडे बघत झोपलो. जेवताना चमचा हलला तरी वाटायचं, बघ, हाच तो. डॉक्टरला दाखवून आलो, माहीत आहे? तो म्हणाला, अंगठा उत्तम आहे. मी त्याला मूर्ख म्हटलं. आता त्याच्याकडे जाऊन माफी मागायची, तेही तुझ्यामुळे.

काल पोरीने पोतं काढून विमान दाखवलं. मी दोनदा भोवती फिरून पाहिलं, तर ती रडायलाच लागली. मग म्हटलं, शेपटीचे ते दोन भंगार काढ आधी. तुझ्या पहिल्या पत्रासोबतचा कागद तिने जपून ठेवलाय. त्यात शेपटीसाठी जे लिहिलेत तेच आज सकाळी दुकानातून आणले. मी स्वतः हात डोलवून पाहिला. कुचकुच नाही. सर्व्हो निवडताना तुझी अक्कल शाबूत असते, करायला जातोस तिथं घाण करतोस.

गुपचूप उड्डाण वगैरे काही नाही. तपासनीस शनिवारी पुन्हा येऊन नवी शेपूट बघतील. रविवारी पहिलं उड्डाण मी करणार. तुझं पत्र क्लबच्या फळ्यावर लावावं असं एकदा मनात आलं होतं. लावत नाही. तूच चारचौघांत उभा राहून सांग, केकच्या टेबलाजवळ, जिथं मी माफी मागितली होती तिथंच. मग माझ्या उजव्या हाताला येऊन उभा राहा. दुसरा मदतनीस मला नको. पण या वेळी जे दिसेल ते त्याच क्षणी ओरडून सांगायचं. चूक असलं तरी, तुझं असलं तरी.

घड्याळ शुक्रवारपासून बंद आहे. वर्षाला एक दिवस असे आठ दिवस बंद ठेवायचं मी ठरवलंय. एकोणीस तारखेच्या संध्याकाळी ते भरतात. ग्रेटीला बजावलंय, किल्लीला हात लावायचा नाही. शनिवारी मुक्कामाला ये आणि तूच किल्ली दे.

गुडघ्याचं निमित्त चालणार नाही. केक मनुकांचा आहे.

कणा मोडो, बरगड्या मोडोत.
तुझा,
अल्विन