परक्या गावचं गाऱ्हाणं

१३ मे, मंगळ.
स्वित्झर्लंड, हॉटेल. आईच्या बॅगेत नारळ निघाला. लालबागहून आणलेला, शेंडीसकट, स्वेटरात गुंडाळून. सु. सासूकडे बघून हसत सुटली, मी बायको-आई दोघींवर भडकलो. आई म्हणते, "परक्या गावात जातंव, थंयच्या देवाक सांगूक नको? तुझे बापूस आसते तर तेंनीच गाऱ्हाणां घातला आसता." बाबा गेल्यापासून देवापुढे नारळ ठेवून घरातलं गाऱ्हाणं तीच घालते. म्हटलं, उद्या बसमध्ये नारळ दिसता कामा नये. बरं म्हणाली.
बसमधल्या दादरच्या डॉक्टरांशी छान जमलंय. कुठे राहता विचारलं. परळला, टॉवरमध्ये, म्हणालो. लालबागची चाळ म्हणवलं नाही. कशाला उगाच.

१४ मे, बुध.
लिहावंसं वाटत नाही.
बसने तीन गावं बघायची होती. दुसऱ्या गावात पाऊण तास दिला. लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं, गाईंच्या गळ्यात ह्या एवढाल्या घंटा. मी डॉक्टरांबरोबर फोटो काढत पुढे. वळून बघतो तर चर्चबाहेरच्या उभ्या दगडासमोर आई. बूट काढलेले, डोक्यावर पदर. नारळ फुटलेला, पाणी दगडावरून ओघळतंय. दगडावर नावं कोरलेली. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या गावकऱ्यांची, हे मागाहून कळलं. तिला वाटलं गावदेव.
"बा देवा म्हाराजा, तुझ्या शिमेत इलंव, पोराबाळांची राखण कर म्हाराजा..." आणि थांबली. मागच्याने 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. लहानपणापासून मीच म्हणत आलोय. आज गप्प.
गावातली एक म्हातारी रडवेली होऊन ओरडत आली. टूर मॅनेजर पोरगी धावली. "या आजी कोणाबरोबर आहेत?" डॉक्टर माझ्याकडे बघत होते.
मी म्हणालो, "असतील ग्रुपमधल्याच कोणाच्या तरी."
आई चार पावलांवर होती. ऐकलं तिने. वाकून करवंटीचे तुकडे पदरात गोळा करायला लागली. मग मनू पळत गेली. बारा वर्षांची माझी पोर! "माझी आजी आहे, सॉरी," म्हणाली, आणि दोघींनी मिळून दगड पुसला. ते बघून ती म्हातारीही गप्प झाली.
तिसरं गाव कसं होतं, आठवत नाही.

१५ मे, गुरु.
नाश्त्याला आईने माझ्या पावाला बटर लावून ठेवलं. "खा रे." मनू बोलत नाही. सु. तेव्हा दुकानात होती, मनूनेच तिला सांगितलं. सु. म्हणाली, "लाज कशी वाटली नाही तुला?" लाज वाटली म्हणूनच तर झालं सगळं.
बसमध्ये आईशेजारी जाऊन बसलो. "आई, काल मी..." म्हणाली, "ता तळा बघ, कसला निळा आसा." पुढे बोलूच देईना. की मीच नेट लावला नाही?

१७ मे, शनि.
लालबाग. अख्खा मजला आमच्या खोलीत. आई रंगात येऊन सांगतेय, "ती बाय माझ्यावर ओरडाक लागली, तसो माझो झील धावान इलो. म्हणालो, ही माझी आईस आसा, हिका काय बोलूचा नाय!"
शेजारच्या काकी म्हणाल्या, "गुणाचो गो तुझो झील."
आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मनू उठून गॅलरीत गेली.

१८ मे, रवि.
सुखरूप आलो म्हणून सकाळी आईने गाऱ्हाणं घातलं. मजल्यावरचे सगळे हजर.
"बा देवा म्हाराजा, परदेशाक जावन सुखरूप इलंव म्हाराजा..."
"होय म्हाराजा!"
"थंय माझो झील माझ्या पाठीशी उभो रवलो म्हाराजा..."
"होय म्हाराजा!"
आई नारळ धरून थांबली. फोडेना. "तुझो आवाज नाय इलो रे."
सगळे वळले. मनूही बघत होती. खरं सांगायची हीच वेळ होती. देवासमोर, चारचौघांत.
"होय म्हाराजा," म्हणालो. चांगलं खणखणीत.
नारळ फुटला. मनू आत निघून गेली.
प्रसादाचं खोबरं वाटीत तसंच आहे. आईने दोनदा विचारलं, "खाल्लंस?" दोन्ही वेळा नाही म्हणालो. तेवढं तरी खोटं बोलवेना.