दुसऱ्या पाण्याची बिअर

व्होस, ६ ऑक्टोबर १९७४

प्रिय गुन्व्होरताई,

तुला नमस्कार. पंचवीस वर्षांनी माझं अक्षर ओळखलंस, तर पार्सल लगेच चुलीत घालू नकोस. आत लाकूडच आहे, पण ते जाळायचं नाही.

इकडे ठीक. बटाटे काढून झाले. मी मात्र मुका झालोय. जूनमध्ये बर्गेनच्या डॉक्टरांनी घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. आता गळ्यात पाटी अडकवून हिंडतो. शेजारचा ब्रिन्युल्फ म्हणतो, "बरं झालं बाबा, भांडणात आता माझीही पाळी येते!" कडक बिअरही बंद. म्हणून जवाचं पहिलं दाट पाणी ब्रिन्युल्फ नेतो, आणि त्याच जवावर जुनिपरच्या डहाळ्या उकळलेलं ऊन पाणी पुन्हा ओतून मी दुसऱ्या पाण्याची पातळ बिअर करतो. गवत कापायच्या दिवसांत आई आपल्याला तांब्या भरभरून द्यायची, तीच.

तुझ्या राग्नाला मुलगी झाल्याचं कळलं. बारसं पुढच्या महिन्यात ना?

राग्नाच्या स्वतःच्या बारशाबद्दल लिहायचं आहे. एवढं लिहून मी उठलो, गाईला चारा घालून आलो. तिला आधीच घातला होता.

तुझ्या सासरची माणसं देवभोळी, कडक बिअर त्यांना चालत नसे. म्हणून तू दुसऱ्या पाण्याची करणार होतीस, आणि विरजण मागायला माहेरी आलीस. बिअरच्या विरजणाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. मीही म्हटलं नाही. आईची विरजणात बुडवून वाळवलेली लाकडी माळ खुंटीवरून काढली आणि तिच्या चार कड्या तुझ्या हातात ठेवल्या.

बारशाला पिंपातलं पाणी होतं तसंच गोड राहिलं, बुडबुडासुद्धा नाही. तुझी सासू चारचौघांत म्हणाली, "ही बिअर म्हणायची की वासराची पेज?" तू रडत माझ्याकडे आलीस. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच. "विरजण घालताना पिंपात तोंड घालून ओरडावं लागतं, तेव्हा कुठे ते जागं होतं. तू ओरडलीच नसशील नीट. सासरी जाऊन घाबरट झालीस."

"ओरडले रे! अंगणातल्या कोंबड्या उडाल्या!" तू म्हणालीस. मी हसलो. त्यानंतर तू पिंपाला हात लावला नाहीस, आणि माझ्या दाराशीही आली नाहीस.

गेल्या मंगळवारी सकाळी मी पिंपात विरजण घातलं. ब्रिन्युल्फ मुद्दाम बघायला आला होता. "आता ओरडणार कोण? मुकी निघणार तुझी बिअर! मी ओरडू का?" मी पाटीवर 'नको' लिहिलं. पिंपात तोंड घातलं, उघडलं. हवेखेरीज काही बाहेर आलं नाही. दुपारचं जेवून पाहतो, तर फेस पिंपाच्या काठावरून खाली ओघळत होता. ब्रिन्युल्फ टाळ्या पिटत होता आणि मला तिथे उभं राहवेना.

ताई, ओरडण्याचा काही संबंध नव्हता. तू येणार असा निरोप मिळताच मी त्या चार कड्या उकळत्या पाण्यात बुडवून काढल्या होत्या, आणि कळू नये म्हणून चुलीपाशी पुन्हा वाळवल्या होत्या. मेलेलं विरजण दिलं मी तुला.

कारणही सांगतो. शेवटच्या दिवशी आई म्हणाली होती, "माळ गुन्व्होरला दे. तिच्या हाताला मानवते." ऐकायला मी एकटाच होतो. ते मी कुणालाच सांगितलं नाही, आणि तू विरजण मागायला येणार म्हटल्यावर वाटलं, एकदा हिची बिअर उठली की सगळ्यांना कळेल माळ कुणाची ते. मला लाज वाटते ताई. तेव्हाही वाटत होती.

सोबत अख्खी माळ पाठवतोय. एकही कडी मागे ठेवलेली नाही. पाणी नुकत्याच काढलेल्या दुधाइतकंच कोमट ठेव. हे मी तुला शिकवावं! मला लागलं तर रीतीप्रमाणे तुझ्या दारी मागायला येईन, पाटीवर लिहून. तू नाही म्हणालीस तरी चालेल. तू रीत मोडलीस असं मी कुणाला सांगणार नाही.

नातीच्या बारशाला कर. विरजण घालताना ओरड मात्र. गरज नाही, तरी ओरड. कोंबड्या उडू देत. माझ्या वाटचंही तूच ओरड.

तुझा अपराधी भाऊ,
सीवर्ट