तुमचा लाडका पोट्टा जातो म्हणते

बाबा, तुमचा तो लाडका पोट्टा काल माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि नोकरी सोडतो म्हणाला. पुण्याची कंपनी आहे, पगार चांगला, बायकोलाही तिकडंच काम मिळेल. सोमवारी त्यांना कळवायचं आहे. "मॅडम, जाऊ का?" असं विचारलं त्यानं मला. पोट्टा कसला आता, कानशिलावरचे केस पिकले त्याचे. पण तुम्ही पोट्टा म्हणायचे, म्हणून माझ्या डोक्यात तो तसाच राहिला. या दिवसाची मी किती वर्षं वाट पाहिली ते तुमच्या हयातीत बोलले असते तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. आणि दिवस आला तेव्हा मी काय म्हणाले? "बस. पाणी पी. पाहू."

आम्ही दोघं एकाच दिवशी तुमच्या अमरावतीच्या ॲप बनवणाऱ्या ऑफिसात शिकाऊ म्हणून आलो होतो. तो नांदगाव खंडेश्वरहून एसटीनं, मी तुमच्याच स्कूटरवर मागं बसून. राजकमल चौकाच्या अलीकडं तुम्ही मला उतरवलं. "इथून पायी ये. आन् आत मले सर म्हणायचं." मला गंमत वाटली होती तेव्हा. मी आपली हसत हसत आत शिरले, तर तुम्ही मला "या मॅडम, बसा" म्हणाले, एखाद्या बँकेच्या बाईला म्हणावं तसं. मला वाटलं, दोन दिवसांत ओसरेल हे नाटक. ते शेवटपर्यंत ओसरलं नाही. आणि त्याला? त्याला पहिल्याच आठवड्यात बेटा. बेटा, जेवला का. बेटा, गाडी चुकते, निघ आता. अहो, बेटा तर तुम्ही मला म्हणायचे ना लहानपणी! माझा शब्द उचलून दिला तुम्ही त्याला, आणि विचारलंही नाही.

परतवाड्याची गोष्ट तुम्ही विसरले असाल, मी नाही विसरले. तुमची पद्धत होती की ॲप ज्यानं बनवलं त्यानंच ते पहिल्यांदा वापरणाऱ्याच्या हातात द्यायचं, आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून गप्प बसायचं. इथं दाबा, तिथं दाबा, काही सांगायचं नाही. "तू का हरेक फोनसंगं जाणार आहे का सांगाले?" हे तुमचं ठरलेलं. माझं पहिलं ॲप परतवाडा-अमरावती जीपच्या सीटांचं होतं. मी त्यात छान वेळापत्रक टाकलं, आणि गाडी सुटायला किती मिनिटं उरली ते दाखवणारं लाल घड्याळ. तुम्ही स्क्रीन पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "जा, दाखवून या." स्टँडवर चहाच्या टपरीपुढं बाकावर मी हात मांडीखाली घालून बसले. जीपवाल्यानं फोन हातात घेतला, घड्याळ पाहिलं आणि हसतच सुटला. "म्याडम, गाडी भरली का निघते. घड्याळ कायले पायजे?" त्यानं बाकीच्यांनाही बोलावून दाखवलं. एकानं विचारलं, "तुमी इकडच्याच ना?" बाबा, मी जन्मभर त्याच जीपमधून मामाकडं गेलेली, कुणाच्या तरी मांडीवर बसून, गाडी भरेपर्यंत उन्हात शिजत. पण लॅपटॉपसमोर बसले की मला वाटायचं, जगात सगळ्या गाड्या वेळेवर सुटतात.

तोंड एवढंसं करून मी परत आले तर तुमच्या टेबलावर दह्यात बुडालेल्या गिल्या वड्याची प्लेट, आणि तुम्ही दोघं एका लॅपटॉपमध्ये डोकी घालून. त्याचं शिकवणीवर्गाच्या हजेरीचं ॲप होतं. "बेटा, हे बटन इथं ठेवलं त मास्तरीण अडखळते. आत्ताच सरकव." म्हणजे त्याची चूक ऑफिसातल्या ऑफिसात, वडा खाता खाता, आणि माझी परतवाड्याच्या स्टँडवर, सगळ्यांसमोर. तुम्ही मला वडा घ्या म्हणाले. मी उपास आहे म्हणून सांगितलं. त्या दिवशी कसलाही उपास नव्हता, हे तुम्हाला ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी मी स्वयंपाकघराच्या दारात तुम्हाला गाठलं. "तुमाले ते घड्याळ दिसलं होतं ना? मंग मले काहून नाही सांगितलं?" तुम्ही पाय पुसत म्हणाले, "ऑफिसचं ऑफिसात." दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "मॅडम, घरचे विषय इथं नको." आईला हे सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता पोट धरून हसली. मला नाही हसू आलं. मालकाची पोरगी म्हणून हिचं सगळं चालून जातं असं कुणी म्हणू नये, ही तुमची भीती मला कळत नव्हती असं नाही. कळून काय करू? दिवसभर मॅडम आणि घरी मुकाट्यानं जेवण, मग मी तुमची पोरगी नेमकी कुठं असायची?

घड्याळ मी काढून टाकलं. किती सीटा भरल्या तेवढं दाखवलं, आणि ते ॲप चाललं. पुढं जुन्या फोनवर न उघडणारी, नेट गेलं की सगळं विसरणारी, भरलेले पैसे मधेच लटकवणारी किती ॲप मी रडत-कुढत दुरुस्त केली. आता आपलं अकोल्याचं ऑफिस मी चालवते, तोही इथंच असतो. पोरांचं काम माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. तरी कुणी माझ्या कामाला चांगलं म्हटलं की माझी नजर आधी त्याच्याकडं जाते, त्यालाही म्हणाले का ते पाहायला. एवढी मोठी बाई झाले, पण जळणं काही सुटलं नाही.

तुमच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यातही तेच. मी डबा घेऊन दाराशी यायची तर आतून तुमच्या दोघांच्या हसण्याचा आवाज. मी आत आले की तुम्ही सावरून बसायचे. "मॅडम आल्या." तो लगेच उठून मला खुर्ची द्यायचा, आणि मला त्याचा आणखीच राग यायचा. खुर्ची तुमच्या उशाशी होती ना.

मग आता जातो म्हणतो तर जाऊ द्यावं. पेढे वाटावे. पण काल मी त्याला म्हणाले, हातातली दोन्ही ॲप संपव, मग बोलू. तो हळूच म्हणाला, "सर असते त जा म्हणाले असते." मी म्हणाले, "सर नाहीत." दोन्ही ॲप मी एकटी संपवू शकते, हे त्यालाही माहीत आहे.

खरं कारण वेगळंच आहे. क्लायंट घाई करायला लागला की तो फोनवर आधी जरा खाकरतो, आणि मग लांबवून म्हणतो, "होते ना भाऊ, होते. उद्या होत नाही, पण होते." तो तुमचा सूर आहे, बाबा. खाकरणंसुद्धा. पोरं हसतात, म्हणतात सर बोलले. मला तो सूर कधी लागला नाही. माझ्याशी तुम्ही त्या सुरात बोललेच कुठं?

हे ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिते आहे. बंद करताना लॅपटॉप विचारेल, जतन करू का, आणि मी नाही म्हणेन. सोमवारी त्याला जा म्हणायचं आहे, म्हणेनही. पण आज दुपारी एक तापट क्लायंट माझ्यावर फोनवर ओरडत होता. त्याला मी दोन वाक्यांत गप्प केलं असतं. मी फोन तुमच्या पोट्ट्याकडं दिला आणि ऐकत बसले.