चौथ्या मजल्यावरून आडवे उतरण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता (देखभाल),
वसाहत कार्यालय.

विषय : जिन्याच्या वळणांवर वीजमीटरसाठी भिंती न बांधण्याबाबत.
संदर्भ : खालच्या दारावर लावलेली आपली नोटीस.

महोदय,

१. मी खोली क्रमांक अठरामध्ये एकोणपन्नास वर्षे राहते. इमारत नवी होती तेव्हा लिफ्ट नव्हती. सर्वांत आधी तिसऱ्या मजल्यावरचे शिंपी गेले. त्यांना सहा जणांनी जिन्याने उतरवले. प्रत्येक वळणावर थांबून खांदे बदलले. घराघराची दारे उघडी होती, रेडिओ बंद होते. कोणी म्हणाले, "सुटला बिचारा", कोणी म्हणाले, "जायचं वय नव्हतं हो." कोणी काही लपवले नाही.

२. गेल्या वर्षी माझे यजमान गेले. लिफ्टने पाच मिनिटांत होईल, असे पुतण्याचे म्हणणे पडले. लिफ्ट अरुंद, म्हणून त्यांना खुर्चीत बसवून माझ्या साडीने बांधले. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. समोर भाजीची पिशवी घेऊन शिक्षिकाबाई. पुतण्या घाईने म्हणाला, "काकांना जरा बरं नाहीये, तुम्ही पुढच्या फेरीला या." बाई यजमानांकडे पाहून म्हणाल्या, "काळजी घ्या हो, काका."

३. दार लागेना. यजमानांचा एक पाय दारात राहिला होता. मी सवयीने म्हणाले, "अहो, पाय आत घ्या." त्यांनी घेतला. पुतण्या म्हणतो, खुर्ची सरकली. याची नोंद व्हावी असा माझा आग्रह नाही. परंतु तेव्हापासून रोज दुपारी लिफ्ट आमच्या मजल्यावर येते, दार उघडते आणि बराच वेळ बंद होत नाही. दुरुस्तीवाला तीनदा येऊन गेला, दोष सापडला नाही. मी तिकडे पाहत नाही. पाहिले तर पुन्हा तेच सांगावे लागेल.

४. मला त्या लिफ्टमधून, बांधून, बसून जायचे नाही. आपल्या भिंतीने वळण अडीच फुटांनी कमी होईल. खात्री करण्यासाठी मी स्वतः वळणावर आडवी झाले व तळमजल्यावरच्या रंगाऱ्याकडून भिंत येणार तिथे खडूची रेघ मारून घेतली. माझे पाय गुडघ्यापासून भिंतीत जातात. रंगारी म्हणाला, "आजी, उठा आता, बघवत नाही." इतर रहिवाशांकडे सह्यांसाठी गेले. अर्ज वाचून सर्वांनी "असं अभद्र बोलू नये" म्हणून चहा दिला. सही कोणी दिली नाही.

५. तरी भिंती रद्द कराव्यात. ते शक्य नसल्यास विटा येण्यापूर्वी आठ दिवस मला लेखी कळवावे. कठडा धरून मी अजून जिना उतरू शकते. पुन्हा चढणे होणार नाही. पुढे कुठे जायचे ते माझे मी बघेन.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
खोली क्रमांक १८, चौथा मजला
दिनांक : ९ ऑगस्ट

सोबत : वळणाचे हाताने काढलेले माप.