रिकामं सूप

कोल्हार, १४ सप्टेंबर १९७१

शाळेतून आले तर आईचे पाय सुजलेले. पहाटेपासून उभीच असणार. हात धरून तिला ओट्यावर बसवलं. बसली, पण लगेच कापूस ओढून वाती वळायला लागली. आमच्याकडे बाई बसते ती अशीच, हातात काहीतरी घेऊन. मी कापूस काढून घेतला.

"आगं, रिकामं बसल्यावर लोकं काय म्हनतील?"

तरी बसली. मांडीवरच्या हातांचं काय करावं हेच तिला कळेना. मग हळूहळू डोळे मिटले.

तेवढ्यात मळ्यातून वडील आले. दादांच्या वहाणा वाजल्या मात्र, आई दचकून उठली आणि शेजारचं सूप घेऊन पाखडू लागली. सुपात एक दाणा नव्हता! दादा ते पाहून हसले.

"काय मास्तरीनबाई, आईला सुट्टी दिली व्हय?"

"दादा, पाय बघा तिचे. बसू द्या तिला."

"म्या कधी न्हाई म्हन्लो? बस की गं."

खरंच, ते कधीच नाही म्हणाले नाहीत. मग मी भांडू कुणाशी? त्या रिकाम्या सुपाशी? आजच वर्गात मुलींकडून घोकून घेतलं, कामानंतर विश्रांती घ्यावी. कसल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या सगळ्या! त्यांच्या आया काय पाखडत असतील?

"बसते की," आई म्हणाली, "च्या तेवढा टाकते."

चहा झाला. दादा आणि मी ओट्यावर बसून प्यालो. आईनं तिचा दारात उभ्यानंच संपवला आणि आमच्या कपबशा उचलल्या.