सपनाची चाळणी आणि तुझी पत्रं

वर्धा
कोजागिरीनंतरचा सोमवार, २००४

प्रिय नलू,

तुला प्रेमाचा नमस्कार, बंगलोरच्या लेका-सुनेला आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण त्यांची चौकशी वेगळी केलेलीच तुला आवडते. आम्ही बरे आहोत. रूपरावांचा रक्तदाब उतरला आहे. चढला का होता, तेच सांगायला कागद घेतला.

राखीपासून तुझं एकही ई-मेल आलं नव्हतं. मी आधी काळजी केली, मग रुसले, आणि मग (आपल्या शाळेपासूनच्या सवयीप्रमाणे) 'आधी तिने बोलावं' म्हणून फोनपासून लांब बसले. आता कळलं, की दोष तुझाही नव्हता आणि माझाही. दोष चाळणीचा.

आमची सपना इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने फालतू ई-मेल अडवणारा एक प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव 'चाळणी'. (नाव मी दिलं. तिला काहीतरी फाडफाड इंग्रजी हवं होतं.) मला तर आपल्या शाळेच्या हॉस्टेलच्या सिस्टरच आठवल्या. घरून आलेलं प्रत्येक पत्र त्या आधी वाचायच्या, तुझ्या मावसभावाने लिहिलेल्या सिनेमाच्या गोष्टीवर शाई फिरवायच्या, आणि आपण तो कागद खिडकीच्या उजेडात धरून खालच्या ओळी शोधायचो. फरक एवढाच, की सिस्टर जन्मतः सर्वज्ञ होत्या आणि या चाळणीला शिकवावं लागतं. नको असलेली पत्रं आपण एका खोक्यात टाकायची. ती पाहून चाळणी शिकते, की असली पुन्हा येऊ द्यायची नाहीत.

शिकवण्याचं काम सपनाने वडिलांकडे दिलं. तुला रूपराव माहीत आहेत. कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीत जन्म गेला, आणि आलेलं पत्र वाचलं की तारेत टोचायचं, हा त्यांचा धर्म. सपना एवढंच म्हणाली होती, की खोक्यातलं काही हरवत नाही. झालं! हरवत नाही म्हणजे ती तारच. तुझं पत्र आलं की मला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मायेने खोक्यात ठेवायचे. लॉटरीची, बारीक होण्याच्या गोळ्यांची पत्रं मात्र न उघडता समोर तशीच. न वाचलेलं पत्र कोणी तारेत टोचतं का?

चाळणी मन लावून शिकली. 'जेवलीस का', 'तब्येतीला जप' असं लिहिणारा माणूस घातकी, आणि 'माझे कोट्यवधी रुपये तुम्हीच घ्या' लिहिणारी आफ्रिकेतल्या राजाची विधवा घरची.

इथवर नुकसान घरापुरतं होतं. पण सपनाला वाटलं, बाबांइतकी शिस्त कोणातच नाही. त्यांचं सगळं शिकवणं उचलून तिने नव्या आवृत्तीत घातलं आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर 'चाळणी दोन' वाटली: सावंगीच्या मुलींच्या एका वसतिगृहात आणि हिंगणघाटच्या काही कापूस-व्यापाऱ्यांकडे. (मी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, आपट्याचं पानही ठेवलं.) आठवड्याच्या आत वसतिगृहात रडारड. कोणाच्याच आईचं पत्र येईना. एका मुलीला वाटलं, मार्क कमी पडले म्हणून घरच्यांनी नाव टाकलं. हिंगणघाटच्या भैयाजींचा तर फोनच आला, "सपनाबाई, ते आफ्रिकेतली रानी कापसाच्या गाठी घेईन का, का नुसते पैसेच देऊन राह्यली?"

सपनाने घाबरून आमचं खोकं उघडलं, तर वरपासून खालपर्यंत तू.

"बाबा, मावशीची पत्रं इथं काऊन टाकली?"

"टाकली? जपून ठेवली म्हन!" रूपराव असे दुखावले! "वाचलेलं पत्र तारेलेच जाते. उघड्यावर काऊन ठेवाचं?"

रक्तदाब चढला तो तेव्हा. सपनाला धड रागावताही येईना आणि हसताही.

पण नलू, त्यातली राखीनंतरची पत्रं आम्ही कधी पाहिलीच नव्हती. ती चाळणीने स्वतःच्या अकलेने अडवली होती. 'हे गेल्यापासून इथं संध्याकाळ सरत नाही. दिवाळीनंतर थोडे दिवस तुझ्याकडे येऊन राहू का? अडचण असेल तर मोकळेपणी सांग,' असं तू विचारलंस. पुढच्या पत्रात तेच पुन्हा, जरा भीत भीत. आणि शेवटच्यात नुसतं, 'बरं. समजलं.' ते वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि चाळलेलं पीठ पुन्हा चाळत बसले.

सपनाने सगळं पुसून पहिल्यापासून शिकवलं. परवा 'चाळणी तीन' निघाली. अडकलेली पत्रं सुटली, आणि वसतिगृहातल्या मुलींनी म्हणे एकमेकींच्या आयांची पत्रंसुद्धा वाचली. रूपरावांना आता खोक्याला हात लावायची बंदी आहे.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझीच,
विमल

ता. क. फोन का केला नाही? फोनवर मी रडले असते आणि तू म्हणाली असतीस, 'बिल वाढतंय, ठेव.'

ता. क. २. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. ये. मागची खोली झाडून ठेवली आहे, संध्याकाळी तिथे चांगला उजेड येतो, आपल्याला कागद धरायला पुरेल. रूपराव म्हणतात, "नलूबाईले लिही, परतीचं तिकीट काढू नका."

ता. क. ३. कोणत्या गाडीने येतेस ते ई-मेलने कळव. सपनाला चाळणी तीन तपासायची आहे. नाही पोचलं तरी काळजी करू नकोस. रूपराव सेवाग्राम स्टेशनवर जाऊन बंगलोरची गाडी पाहणार आहेत. हे पत्र अजून पेटीत पडायचं आहे, पण ते काल एकदा जाऊन आले.