सासूबाईंवरचं विरहगीत

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी
पोहे-जलेबी चालू असताना आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाचा मेसेज. सोळा तारखेला 'स्वरचित विरहगीतांची संध्याकाळ'. प्रमुख पाहुण्या पुण्याच्या प्रा. सुहासिनी. आडनाव बदललंय, पण फोटो बघितला आणि जलेबी हातातच राहिली. कॉलेजातली सुहासिनी! आमच्यात काय होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. म्हणजे शब्द फारसे झालेच नव्हते. एकदा लायब्ररीच्या जिन्यावर तिनं मला विचारलं होतं, बस किती वाजता आहे. पण विचारण्याची पद्धत वेगळी होती.
ठराव: गीत लिहायचं. अर्थ फक्त तिला कळेल असा. आवाजासाठी आजपासून सेव, कचोरी बंद.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
गीत तयार. रिटायर्ड माणसाच्या हातून असं काही निघतं, मतलब आत बरंच शिल्लक आहे.
तू गेल्यापासून येथे संध्याकाळच होत नाही,
दिवा लावतो मी तरीही उजेड घरी येत नाही.
गजरा तुझ्या वेणीचा तो अजून दरवळत आहे,
त्या जिन्यावरी मी अजुनी एकटा चढत आहे.
गजरा तिचा होता की तिच्या मैत्रिणीचा, नक्की आठवत नाही. वास आठवतो.
कचोरी एकच खाल्ली. सेव धरत नाही, ती पोह्यांत होती.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. दुपारी
गडबड. बाथरूममध्ये रियाज केला, दार उघडलं तर बायको, सुरुची, टॉवेल घेऊन उभी. तिच्या डोळ्यांत पाणी. विचारलं, आईवर लिहिलंत? घाबरून हो म्हणालो. लग्नापासून आजवर इतक्या चटकन मी कशालाच हो म्हटलेलं नाही.
सासूबाई मागच्या श्रावणात गेल्या. शेवटची काही वर्षं आमच्याकडेच, सुदामा नगरात. हॉलमधल्या खुर्चीवर बसून माझ्या प्रत्येक तानेवर म्हणायच्या, जावईबापू, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. त्यांच्यावर विरहगीत, आणि ते मी!
पण उलट छानच झालं. आता संशयाला जागाच नाही. सगळं कंट्रोलमध्ये.

शनिवार, ८ नोव्हेंबर
कंट्रोल जरा ढिला. सुरुचीनं नानासाहेबांना फोन करून गाण्याचं सांगितलं. नानासाहेब तिचे थोरले बंधू, छत्रीबागेत राहतात. त्यांचं घर लहान पडतं म्हणून सासूबाई आमच्याकडे होत्या. घर तीन मजली आहे. आता ते सहकुटुंब येणार आणि आईचा फोटो स्टेजवर ठेवायचा म्हणतात. मंडळाचे अध्यक्षही तयार. मला कुणी विचारलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
नानासाहेब आले, गीत ऐकलं आणि मलाच अर्थ सांगत बसले. जिना म्हणजे स्वर्गाचा जिना. गजरा म्हणजे आईच्या पुण्याईचा सुगंध. वेणी म्हणजे एकत्र गुंफलेली भावंडं. मी म्हणालो, वा. काय बोलणार भिया, वेणीचा इतका विचार मी केलाच नव्हता. चहा देताना सुरुचीनं एकदा माझ्याकडे बघितलं. साधंच बघितलं. मग मला नोव्हेंबरात घाम का फुटला?

मंगळवार, ११ नोव्हेंबर
जेवताना सुरुचीनं विचारलं, जिना कुठला? म्हटलं, प्रतीक आहे. बरं म्हणाली, पोळी वाढली. जरा वेळानं विचारलं, गजरा जाईचा की मोगऱ्याचा? म्हटलं, तेही प्रतीकच. पुन्हा बरं. ऑफिसातल्या ऑडिटला मी इतका घाबरलो नव्हतो.
कळलं असेल? नसेल. कळलं असतं तर भाजीत मीठ जास्त पडलं असतं. मीठ बरोबर होतं. त्याचंच टेन्शन आहे. आमची मुलगी तन्वी तिला बंगलोरला राहायला बोलावतेच आहे. बॅग भरून गेली तर? मला तर गॅसचा नंबरसुद्धा कुठे लावायचा ते माहीत नाही. आणि घरात ती नाही, हे चित्रच डोळ्यांसमोर येत नाही.
ठराव: गाणं बदलायचं. देशभक्तीपर लिहायचं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
देशभक्तीपर विरहगीत होत नाही. देश कुठे जातच नाही.
दुसरा उपाय. सकाळी घसा बसल्याचं खुणेनं जाहीर केलं. सुरुचीनं आल्या-मिऱ्याचा असा काही काढा पाजला की दुपारी भाजीवाल्याशी घासाघीस करताना माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. ती गॅलरीतूनच ऐकत होती. आता घसाही गेला हातचा.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी
सुरुचीनं आईचा फोटो पुसून पिशवीत ठेवला. माझा कुर्ता स्वतः इस्त्री केला.
ठराव: चेहरा फोटोकडे, नजर सुहासिनीकडे. आरशात करून बघितलं. जमतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जमलं नाही. स्टेजवर उजवीकडे हार घातलेल्या सासूबाई, डावीकडे सुहासिनी. मधे मी. पहिल्या रांगेत सुरुची, हात मांडीवर, नजर सरळ माझ्यावर. गजऱ्याच्या ओळीला मी डोळे मिटून घेतले. उघडले तर नानासाहेब हमसून हमसून रडत होते आणि अख्खं सभागृह नाक पुसत होतं.
सुहासिनी भाषणात म्हणाली, सासूबाईंवर इतकं प्रेम करणारा जावई मी पहिल्यांदाच बघते आहे. नंतर भेटायला आली. मी हळूच लायब्ररीच्या जिन्याचा विषय काढला. ती म्हणाली, "हो का? त्याही लायब्ररीत जायच्या का?" मग विचारलं, मी मूळचा इंदूरचाच का.
रिक्षात सुरुची खिडकीबाहेर बघत होती. फोटो मांडीवर. घरी येईपर्यंत मी तिच्या एका प्रश्नाची वाट बघत होतो. घरी आल्यावर तिनं आधी फोटो जागेवर लावला.

सोमवार, १७ नोव्हेंबर
सकाळी उठलो तर पलंगावर बॅग उघडी. आधी वाकून आत बघितलं. बॅगेत सासूबाईंची लुगडी होती, ती न्यायला नानासाहेब सकाळीच आलेत. त्यांना एकाएकी आईची काहीतरी आठवण घरात हवी आहे.
ते गेल्यावर मीच बोलायला तोंड उघडलं. तिनं बोलू दिलं नाही.
"बाबा गेल्यापासून आईनं गजरा माळला नाही. आणि तिच्या गुडघ्यांना तीन पायऱ्या झेपत नव्हत्या. मला टॉवेल देतानाच कळलं होतं."
मग हे सगळं कशाला, असं मी विचारलं. आवाज अजिबात निघत नव्हता, आणि आज घसा खोटा नव्हता.
"आई गेली तेव्हा दादा तेराव्याचं जेवण सोडून हातोदला लग्नाला गेला होता. काल रडला. बास. गाणं कुणावर का असेना, आईच्या कामाला आलं."
एवढं बोलून ती कुकर लावायला गेली. सुहासिनीचं नावसुद्धा घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.
संध्याकाळी ती स्वयंपाकघरात माझंच गाणं गुणगुणत होती. गजऱ्याची ओळ काढून टाकलीय. तिथे म्हणते, 'काठी तुझी दाराआड अजून उभीच आहे.'
मी जाऊन बघितलं. हॉलच्या दारामागे सासूबाईंची काठी खरंच उभी आहे. रोज त्याच दाराला माझा शर्ट टांगतो मी.
ओळ माझ्यापेक्षा बरी आहे. शर्ट दुसरीकडे टांगला.